मधली सुट्टी ही शिक्षेची वेळ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या पोटदुखीवरचा कालच्या पुरवणीतील लेख वाचला. वेफर्स, नूडल्स आणि डब्याचा कंटाळा करणारी आई यांच्यावर सगळे खापर फोडून लेखकाने विषय संपवला, याचा मनस्वी राग आला.

माझी मुलगी पाचवीत आहे. दिवाळीनंतर शाळेच्या दिवशी सकाळी तिच्या बेंबीभोवती दुखू लागले, दुधाचा पेला तोंडाशी नेला की उमासे येऊ लागले. रविवारी मात्र तीच मुलगी थालीपीठ मागून घेऊन खात असे. जंताचे औषध झाले, सोनोग्राफी झाली, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि घरातलेच तिला नाटकी म्हणू लागले. अखेर बालरोगतज्ज्ञांनी तिला शाळेबद्दल विचारले, तेव्हा कळले की गणित चुकलेल्या मुलांना मधल्या सुट्टीत वर्गातच उदाहरणे सोडवत बसवतात. डब्यातली गुंडाळलेली पोळी एका टोकाला दाताची खूण घेऊन परत का येत होती, याचा उलगडा तिथे झाला.

आतड्यांच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतःचे जाळे असते आणि व्हेगस नस ते मेंदूशी जोडते. मूल धास्तावले की जठर रिकामे व्हायला उशीर होतो, त्यामुळे भूक मरते आणि मळमळते. मोठे आतडे मात्र घाई करते, म्हणून ऐन निघायच्या वेळी शौचाला पळावे लागते. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा दुखण्याने झोपमोड होत असेल, तर कसून तपासणी हवीच. पण रिपोर्टमध्ये काही न निघालेली पोटदुखीही खरीच असते. असे दिवसभर उपाशी राहिलेले मूल संध्याकाळी फरसाणाच्या डब्यावर तुटून पडते, आणि लेखक त्या फरसाणालाच मूळ कारण ठरवतात!

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने मुलांच्या मानसिक छळालाही मनाई केली आहे. घास हिरावून घेणे हा छळ नाही, तर काय आहे?

शाळेतल्या स्वच्छतागृहांबद्दलही लेखात अवाक्षर नाही. ती घाण असल्याने मुली पाणीच पीत नाहीत, बाटली भरलेली घरी येते. शौच रोखल्याने मळ कडक होतो, दुखते, म्हणून मूल आणखी रोखते. आपल्या प्रतिनिधींनी शहरातील शाळांची स्वच्छतागृहे मधल्या सुट्टीच्या वेळी स्वतः जाऊन पाहावीत आणि त्याची बातमी छापावी.

– एक पालक, इंदिरानगर, नाशिक