मोटरहोमचा रोडसाइड प्लॅन: रविवारपर्यंत कळवा

मंडळी, जूनमध्ये यलोस्टोन नॅशनल पार्कला स्वतःची आरव्ही (मोटरहोम) आणणाऱ्या प्रत्येकाकडे रोडसाइड प्लॅन, म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत मिळण्याची योजना, हवाच.

– ट्रिपल-एचं (अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनचं) साधं क्लासिक कार्ड पुरणार नाही. आरव्हीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.
– टोइंग (बंद गाडी ओढून नेणं) किती मैलांपर्यंत, हे आधी बघा. वायोमिंगमध्ये गॅरेजं लांब लांब आहेत, त्यामुळे पाच-दहा डॉलरची काटकसर इथे नको.
– बऱ्याच मोटरहोमला स्टेपनी नसते. टायर आणून बसवतील, पैसे आपलेच.
– गाडीची लांबी, उंची, वजन कागदावर लिहून सन व्हायझरला अडकवा. फोनवर आधी तेच विचारतात, आणि पार्कात रेंजचा भरवसा नाही.

कार्डाचा फोटो रविवारी रात्री ८ पर्यंत सहल-प्रमुखांना वैयक्तिक पाठवा. ग्रुपवर टाकू नका. भाड्याची आरव्ही असेल तर फक्त कंपनीचा हेल्पलाइन नंबर कळवा.