टाळ कुठे गेले?

पुणे

प्रिय दोस्ता,

तुझा अभंग काल स्टुडिओतल्या स्पीकरवर ऐकला. गायकाचा आवाज फार सुंदर लागलाय, पखवाजही भारदस्त आहे. पण टाळ गेले कुठे? मग हेडफोन चढवले आणि उलगडा झाला. दोन्ही टाळ तू अगदी टोकाला, एक डावीकडे आणि एक उजवीकडे पॅन केलेस. हेडफोनवर ते थेट कानात टोचतात, म्हणून तू फेडर, म्हणजे आवाजाची पातळी ठरवणारी पट्टी, खाली घेतलास. हेडफोनवर मिक्स करणाऱ्या कुणाचाही हात तिथे खालीच जातो. फोनवर घाईत बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

समोर दोन स्पीकर असतात तेव्हा उजव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानालाही ऐकू येतो. तो डोक्याला वळसा घालून येतो, त्यामुळे साधारण पाव मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि वाटेत त्यातल्या वरच्या फ्रीक्वेन्सी कमी होतात. खर्ज मात्र जवळजवळ जसाच्या तसा येतो. या बारीक फरकांवरून मेंदू ठरवतो की आवाज कुठून आला. हेडफोनमध्ये डाव्याचं डाव्याला, उजव्याचं उजव्याला. मग टोकाचे टाळ कानाला चिकटतात आणि गायक कपाळाच्या आत येऊन बसतो.

गायकाचंही बघ. मधोमध ठेवलेला आवाज दोन्ही स्पीकरमधून येतो, म्हणजे प्रत्येक कान तो दोनदा ऐकतो, पाव मिलिसेकंदाच्या फरकाने. पाव मिलिसेकंद म्हणजे २ किलोहर्ट्झच्या लहरीचं बरोबर अर्धं आवर्तन. त्यामुळे त्या आसपास आवाज थोडा दबतो. खोलीतल्या भिंतींवरून परतलेला आवाज ती उणीव काही अंशी भरून काढतो, पूर्ण नाही. हेडफोनवर हे काहीच घडत नाही. तिथे तो भाग पुढे वाटतो, तू इक्यूने, म्हणजे ठरावीक फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, कापतोस, आणि स्पीकरवर अभंगाचे शब्द मागे सरकतात. तुझ्या दुसऱ्या कडव्यात नेमकं हेच झालंय.

यावरचा उपाय जुना आहे. बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्येच हेडफोनसाठी असं सर्किट मांडलं, ज्यात एका बाजूचा थोडा आवाज उशिराने आणि वरचा भाग कमी करून दुसऱ्या बाजूला सोडला जातो. यालाच क्रॉसफीड म्हणतात. पुढची पायरी म्हणजे कानांची आणि खोलीची मोजमापं. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये बिल गार्डनर आणि कीथ मार्टिन यांनी १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्याच्या कानांत माइक बसवून ७१० दिशांनी आवाज कानात कसा पोचतो याची मोजणी केली आणि ती सर्वांना खुली करून दिली. आजची प्लगिन्स, म्हणजे मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम, याच मार्गाने जातात. वेव्हज कंपनीचं ॲबी रोड स्टुडिओ ३ हे प्लगिन तर लंडनच्या त्या स्टुडिओच्या कंट्रोल रूमचा आवाज हेडफोनमध्ये उभा करतं, आणि मान वळवलीस तरी स्पीकर जागचे हलत नाहीत.

तू विचारलंस की त्यापेक्षा स्पीकरच घेऊ का. डोंबिवलीतल्या तुझ्या दहा बाय दहाच्या खोलीत तरी आत्ता घेऊ नकोस. दहा फुटी समांतर भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास स्थिर लहर उभी राहते. लांबी-रुंदी सारखीच, म्हणून दोन्हीकडून तीच फ्रीक्वेन्सी. खोलीच्या मधोमध बसलास तर धुम्याचा, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाचा, खर्ज गायब होईल, भिंतीला टेकलास तर नुसता घुमेल. शिवाय तू कामाला बसतोस रात्री अकरानंतर, तेव्हा शेजारी काय म्हणतील ते वेगळंच.

माझं मत विचारशील तर आधी साधा क्रॉसफीड लाव. आपल्या आवडीची, वर्षानुवर्षं ऐकलेली गाणी त्यातून काही दिवस नुसती ऐक, मिक्सला हात लावू नकोस. मग एखादं खोलीचं प्लगिन निवड आणि त्यालाच धरून राहा. कुणी म्हणालं म्हणून आज ही खोली, उद्या ती, असं केलंस तर एकही खोली कानात बसणार नाही. मोठ्या स्टुडिओचं नाव बघून भुलू नकोस. ज्या खोलीत आपलं पखवाजाचं माप चुकत नाही ती चांगली. निवडताना फक्त गायकाचा ट्रॅक मधोमध लावून डोळे मीट. आवाज समोरून आला पाहिजे. डोक्यावर किंवा मागे जात असेल तर ज्या कानांवरून मोजणी झाली ते तुझ्या कानांसारखे नाहीत, ते प्लगिन सोडून दे. आणि चालू-बंद करून तुलना करताना दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा कर, नाहीतर जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं.

खर्जाच्या बाबतीत मात्र प्लगिनवर पूर्ण विसंबू नकोस. स्पीकरचा खर्ज छातीला जाणवतो, तो हेडफोनमधून कधीच येणार नाही. तिथे मीटर आणि ओळखीचं गाणं, दोन्ही समोर ठेव. शेवटी एकदा प्लगिन बंद करूनही सगळं ऐक, कारण अभंग ऐकणारे निम्मे लोक लोकलमध्ये इअरफोनवरच ऐकतील.

हे प्लगिन मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवर, कधीच ठेवू नकोस. ते बाउन्समध्ये, म्हणजे तयार होणाऱ्या अंतिम फाइलमध्ये, गेलं तर ऐकणाऱ्याला खोलीत खोली ऐकू येईल आणि टाळांचा पसारा आक्रसून जाईल. तू मिक्सिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर वापरतोस, त्यात मॉनिटरिंग एफएक्स नावाची वेगळी जागा आहे. तिथे लावलेलं काहीही रेंडरमध्ये, म्हणजे त्या अंतिम फाइलमध्ये, जात नाही.

आता टाळ थोडे आत घे, क्रॉसफीड लावून त्यांची लेव्हल पुन्हा ठरव, आणि गायकाचा २ किलोहर्ट्झचा कट काढून बघ. नवीन मिक्स आणि टाळांचे दोन्ही ट्रॅक वेगळे पाठव. शनिवारी स्टुडिओ रिकामा आहे, स्पीकरवर लावून लगेच फोन करतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पुण्याचा दोस्त