फोन दाराजवळ, घड्याळ भिंतीवर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या अभ्यासाला दिवस पुरत नाही म्हणतेस. वेळापत्रक नव्याने आखण्याआधी फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघड. तास नंतर बघ, आधी फोन किती वेळा अनलॉक झाला तो आकडा बघ. सलग तासभर काही पाहिलं तर तासच जातो. पण फिजिक्सचं गणित अर्ध्यात सोडून एक मेसेज वाचला, की मन तिकडेच रेंगाळतं आणि गणित पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचावं लागतं. पहिला आठवडा काही बदलू नकोस, रोज रात्री तो आकडा फक्त वहीत लिही.

ॲप काढून टाकण्याचा उपाय टिकत नाही, दोन मिनिटांत ते परत येतं. त्यापेक्षा इन्स्टाग्राममधून लॉग-आउट हो. पासवर्ड लांबलचक कर, फोनमध्ये सेव्ह न करता कागदावर लिही आणि कागद बॅगेच्या तळाशी ठेव. यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसून बंद केलीस, की होमवर व्हिडिओंची रांग येत नाही. हवं ते लेक्चर नाव टाकून शोधायचं.

ॲपला टायमर लावता येतो, पण तो मध्यरात्री नव्याने सुरू होतो. पावणेबाराला वेळ संपली तरी बारानंतर पुन्हा अर्धा तास हातात येतो, आणि झोपेचं खोबरं तिथेच होतं. म्हणून साडेदहाला बेडटाइम मोड लाव. चार्जर उशाशी नको, दाराजवळच्या प्लगला लाव. निवडलेली ॲप बंद ठेवणाऱ्या फोकस मोडमध्येही 'ब्रेक घ्या' असं बटण असतं, ५, १५ किंवा ३० मिनिटांचं. ते एकदा दाबलं की सवय लागते. त्याला हातच लावू नकोस.

घरून तातडीचा फोन आला तर, ही धास्ती मनातून काढून टाक. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये पुन्हा फोन करणाऱ्यांना परवानगी दे. १५ मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो. तसंच काही असलं तर मी किंवा बाबा लागोपाठ दोनदा लावू. एकदाच वाजून थांबला असेल, तर तो जेवलीस का विचारायला होता असं समज.

क्लासच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवरच येतात, तीच खरी अडचण. ग्रुप म्यूट कर आणि संध्याकाळी साडेसात ते आठ एवढ्या वेळातच उघड. प्रश्नपत्रिका झेरॉक्सवाल्याकडून छापून आण. चार रुपये गेले तरी चालतील, पण स्क्रीनवर सोडवू नकोस. डाउट आला की पान आणि प्रश्न क्रमांक वहीत टिपून पुढे जा, फोटो साडेसातला एकदम पाठव. आकडेमोडीसाठी फोन उचलू नकोस, नीटला कॅल्क्युलेटर चालत नाही.

पन्नास मिनिटं बसलीस की दहा मिनिटं ऊठ. बाटली भर, जिन्यावरून फेरी मार. त्या दहा मिनिटांत रील पाहिली तर तो आराम होत नाही, डोळे आणि डोकं दोन्ही कामालाच लागलेले असतात.

रविवारी दुपारी दोन ते पाच फोन रूममेटच्या कपाटात ठेवायला दे. परीक्षेची वेळ तीच, १८० मिनिटांत १८० प्रश्न. सलग तीन तास हाताला फोन नसण्याची सवय आत्ताच झाली पाहिजे. पहिले तीन-चार दिवस हात आपोआप फोनकडे जाईल. त्यात तुझं काही चुकत नाही. गेला की वहीत एक रेघ मार आणि पुन्हा वाचायला लाग. एखादा दिवस सगळं फिसकटलं, तर दुसऱ्या सकाळी त्याच वेळापत्रकाने सुरू कर. सोमवारची वाट बघू नकोस.

परीक्षेला मनगटी घड्याळही नेता येत नाही, खोलीतल्या घड्याळाकडेच बघावं लागतं. म्हणून भिंतीवरचं घड्याळ पाठवतेय, सोबत गजराचं छोटं. सेल चिवड्याच्या डब्याखाली वेगळे बांधलेत. खिळा टेबलाच्या समोरच्या भिंतीला ठोक, मान वळवावी लागू नये.

तुझी,
आई