यार्डे इंजिनांमुळे बंद पडली नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील जुन्या रेल्वे यार्डांवरचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी आहेत, पण एकूण एक वाफेच्या इंजिनांची. लेखात ‘यार्ड म्हणजे गाड्या उभ्या करून ठेवण्याची जागा’ असे वाक्य आहे, आणि डिझेल व विजेची इंजिने आल्यामुळे यार्डे ओस पडली असेही म्हटले आहे. दोन्ही बरोबर नाही. मी ट्रेन्स क्लार्क म्हणून नोकरीला लागलो आणि बरीचशी नोकरी यार्डातच गेली, म्हणून हे पत्र.

उभी असलेली वॅगन ही यार्डात प्रत्येकाची डोकेदुखी. तिला लवकरात लवकर तिच्या वाटेला लावणे हेच तर तिथले काम होते. त्या काळची मालगाडी म्हणजे सगळी सरमिसळ असे. चार चाकांच्या वॅगन, एकीत वीस-बावीस टन माल, आणि शेजारच्या दोघींचा मुक्काम एक असेलच असे नाही. एक खताची, मागची सिमेंटची, मग दोन रिकाम्या, मग मिठाची. गाडी आवक लाइनवर लागून इंजिन सुटले की आम्ही निघायचो. एका हातात पुठ्ठ्यावर लावलेला कागद, दुसऱ्यात रॉकेलची हातबत्ती. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत प्रत्येक वॅगनचा नंबर, कुठल्या रेल्वेची, कुठून आली, कुठे जायची, भरलेली की रिकामी, हे सारे उतरवून घ्यायचे. बाजूच्या क्लिपमध्ये लेबल असे. पावसाळ्यात त्यावरची शाई वाहून गेलेली असे. मग खडूने लिहिलेले काही दिसते का बघायचे, नाहीतर गार्डाने आणलेल्या कागदांशी ताळा घालायचा. आत काय आहे ते बहुधा वासावरूनच कळे. खताला आणि पेंडीला लेबल लागत नाही.

आता वॅगनला अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, नंतरचे दोन बांधणीच्या सालाचे, मग चार आकडी क्रमांक आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. हा शेवटचा आकडा ज्याने काढला त्याला माझा नमस्कार. काजळी धरलेल्या काचेच्या उजेडात ३ आणि ८ यांत फरक करणे काय असते, हे त्यालाच कळले होते.

आमच्या यादीवरून कट-लिस्ट, म्हणजे कुठली वॅगन तोडून कुठल्या लाइनवर टाकायची त्याची यादी बने आणि गाडी हम्पकडे जाई. हम्पचा तर लेखात उल्लेखही नाही! हम्प म्हणजे रुळांना मुद्दाम दिलेला उंचवटा. आधी ब्रेकचा व्हॅक्यूम सोडून होज पाइप वेगळे करत, दोन वॅगन जोडणारे स्क्रू कपलिंग सैल करत. मग शंटिंगचे, म्हणजे यार्डात वॅगन हलवणारे इंजिन मागून, माणूस चालेल इतक्या वेगाने, गाडी चढावर ढकली. माथ्यावर शंटमनने कपलिंगची कडी हुकावरून उचलली की पुढची वॅगन आपल्याच वजनाने उतारावर सुटे. खाली केबिनमधला लीव्हरमन कट-लिस्टवर नजर ठेवून पॉइंट, म्हणजे वॅगनला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे, फिरवत असे. ही तीन नंबरच्या लाइनला, तिच्या मागच्या दोन अकराला. तोडलेल्या दोन कटांमध्ये जेवढी फट पडे तेवढ्यात पॉइंट फिरलाच पाहिजे.

एकाच उतारावर दोन वॅगन सारख्या धावत नाहीत. थंडीत अ‍ॅक्सल बॉक्समधले तेल घट्ट होई. वारा समोरून असला तर रिकामी वॅगन मध्येच थांबे, भरलेली मात्र सुसाट निघे. यांत्रिक हम्प असलेल्या यार्डांत चाकाला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे रिटार्डर असत. इतरत्र माणसे. वॅगनच्या कुशीला हँडब्रेकची लांब दांडी असते. पोर्टर सोबत धावत धावत तिच्यावर अंग टाकी, आणि आधी उभ्या असलेल्या वॅगनपर्यंत ही पोचताना टोकांचे धक्का झेलणारे बफर फक्त टेकतील इतपत वेग ठेवी. जोरात आदळली तर आतल्या पोत्यांची वाट लागे. स्फोटकांसारखा माल असेल तर वॅगनवर ‘लूज शंट करू नये’, म्हणजे सुटी सोडू नये, असे लेबल असे. ती इंजिनाला जोडूनच न्यायची, हम्पवरून नाही.

यार्ड बघायचे ते रात्री. पुलावर उभे राहिले की माणसे दिसत नसत, दिवे दिसत. हिरवा दिवा सावकाश वर-खाली झाला म्हणजे ‘इंजिन माझ्यापासून लांब ने’. अंगासमोर आडवा हलला तर ‘माझ्याकडे आण’. डोक्यावर धरून मनगटाने फिरवला की ‘जोडायचे आहे, अगदी हळू’. लाल दिसला की थांब. चार-पाच ठिकाणी एकाच वेळी अशी बोलणी चालत आणि सवय झाली की पुलावरूनच कळे, कुठली गाडी बनत आली आणि कोण कोणाची वाट बघतोय. मध्येच मेन लाइनवरून मेल धडधडत जाई. पोरेटोरे तिकडे धावत. मी क्वचितच बघितली. तिच्यात बघण्यासारखे काय? सगळे डबे एकाच गावाला जाणारे.

लिहायला अवघड वाटते ते जोडणीचे काम. इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय बफरांच्या मध्ये जायचे नाही हा नियम. मग वाकून आत शिरायचे, जड कडी उचलून हुकात टाकायची, स्क्रू आवळायचा, होज लावायचे. रात्री, पावसात, एकामागून एक. लोकांच्या बोटांवरून ओळखू यायचे कोण शंटमन आहे. लेखातली वाफ आणि धुराची वर्णने छान आहेत, पण त्यात हा माणूस कुठेच नाही.

आता यार्डे का संपली ते. ब्रॉडगेजवरची नियमित वाफ १९९५ च्या अखेरीस गेली. त्याच्या बऱ्याच आधीपासून आमच्याकडे शंटिंगला डब्ल्यूडीएस-४ जातीची डिझेल इंजिने होती आणि यार्ड तसेच जोरात चालू होते. घाव बसला तो १९८० च्या दशकात, जेव्हा सुट्या वॅगनऐवजी अख्खी गाडी एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी न्यायचे धोरण आले. खाणीतून निघालेला कोळसा थेट वीज केंद्रात. त्याच सुमारास बॉक्सएन जातीच्या वॅगन आल्या. आठ चाकी, एअर ब्रेक, मध्यभागी एकच कपलर, अशा अठ्ठावन्न वॅगनची गाडी. ती कुठे तोडायची नाही, तर हम्प कशाला आणि नंबर घेणारा कशाला? आशियातले सर्वांत मोठे म्हणून ज्याचे नाव आम्ही ऐकत आलो, त्या मुगलसरायच्या यार्डालाही हे चुकले नाही.

माझ्या मते निर्णय योग्यच होता. वॅगनचे निम्मेअधिक आयुष्य यार्डांत उभे राहण्यात जात होते आणि माल कधी पोचेल हे कोणी सांगू शकत नव्हते. तोटा झाला तो एखादीच वॅगन भरू शकणाऱ्या व्यापाऱ्याचा. तो ट्रककडे गेला तो गेलाच.

आपल्याला एवढीच विनंती की पुढच्या लेखासाठी बातमीदाराला निवृत्त पॉइंट्समन, लीव्हरमन आणि शंटमन यांच्याकडे पाठवावे. दिव्यांच्या खुणा त्यांच्याकडून करून घेऊन चित्रित कराव्यात. स्टेशनांसमोर चौथऱ्यावर रंगवलेली इंजिने पुष्कळ आहेत. रेल्वेने एखादी चार चाकी वॅगनही तशी ठेवावी, पण लेबलच्या क्लिपसकट, आणि कपलिंगचा स्क्रू वेल्डिंग करून न बुजवता. बघणाऱ्याला कडी उचलून पाहता आली पाहिजे.

कळावे,
एक निवृत्त ट्रेन्स क्लार्क

ता. क. – मोठ्या छायाचित्राखाली ‘डब्ल्यूपी’ छापले आहे. डब्ल्यूपीचे नाक निमुळते, त्यावर तारा, आणि जोडलेली मोठी चाके एका बाजूला तीन. छायाचित्रात चपटे तोंड आहे आणि चाके चार. ते मालगाडीचे डब्ल्यूजी आहे. याच जातीचे, चित्तरंजनला १९७० मध्ये बांधलेले ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन म्हणजे ‘अंतिम सितारा’.