कार्ड आलं म्हणजे आख्ख्या आळीला आलं

संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या पिक्चर पोस्टकार्डांवर लेख वाचला, फोटो झकास होते. पण आमच्यासारख्यांचं पोस्टकार्ड म्हणजे ते पिवळं, साधं, १५ पैशाचं, त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितोय.

वडील मुंबईत मसजिद बंदरला दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माथाडी होते, बाजार वाशीला आला तसे आम्ही कोपरखैरण्याला आलो. त्याआधी आम्ही पोरं आणि आई पाटण तालुक्यात गावाला. आईला लिहिता यायचं नाही, चौथीपासून पत्रं मीच लिहायचो, आणि फक्त आमची नाही, आळीतल्या चार घरांची. 'इकडील सर्व क्षेम' एवढं माझं, पुढचं ती सांगेल तसं, म्हैस व्याली, रेडी झाली, भात लावून झालं, कौलं फिरवायला पैसे पाठवा. नवऱ्यावरचा राग मात्र माझ्यासमोर सांगायचा कसा, मग ती म्हणायची लिही, 'बाकी भेटल्यावर'. सगळा संसार त्या दोन शब्दात!

कार्डाला पाकीट नाही, त्यामुळं गुपित काहीच राहायचं नाही. पोस्टमनतात्या वाटेतच वाचून यायचे आणि लांबूनच ओरडायचे, आण्णा गणपतीला येतायत गं! मुंबईला पण तसंच, एका गाळ्यात वीस-पंचवीस जण, कार्ड एकाला आलं की मोठ्यानं वाचायचं, गावात पाऊस पडला का हे सगळ्यांना एकदमच कळायचं. आता फॅमिली ग्रुपवर पन्नास मेसेज येतात पण म्हैस व्याल्याचं कोण सांगत नाही (म्हशी पण राहिल्या नाहीत म्हणा).

हे कार्ड आपल्याकडं १८७९ साली सुरू झालं, तेव्हा पाव आण्याला मिळायचं. आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या कार्डांवर पिनकोड नाही, कारण तो १९७२ च्या १५ ऑगस्टला आला आणि तो काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे पंडित. हे किती जणांना माहीत आहे?

वडिलांनी ट्रंकेत जपलेली ७०-८० कार्डं माझ्याकडं आहेत. त्यांनी लिहिलेली गावच्या घरात तारेला टोचलेली होती, ती गळतीत भिजून गेली, म्हणजे आमच्याकडं नुसते प्रश्न राहिले, उत्तरं नाहीत. वाचकांना विनंती, दिवाळीच्या साफसफाईत असली तार दिसली तर भंगारवाल्याला देऊ नका, आधी एकदा घरात मोठ्यानं वाचा.

परवा पोस्टातून पाच रुपयांची दहा कार्डं आणली, अजून ५० पैशालाच मिळतं, आणि एक गावाला वहिनीला टाकलं. आठ दिवसांनी तिचा घाबऱ्या घाबऱ्या फोन, "भावजी, कार्ड आलंय, कोण गेलं का?" मयताची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडायची रीत, पण इथं कोपरा फाडलेला नाही हे तिनं बघितलंच नव्हतं.

एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई