रताळ्याची जुडी देणाऱ्या मावशींना

ती. स्व. मावशी,
सा. न. वि. वि.

शनिवारच्या बाजारात रताळी तोलून झाल्यावर तुम्ही पोत्याखालून वेलाची जुडी काढून दिलीत, तिचे पैसे घेतले नाहीत आणि वर दोनच वाक्यं सांगितलीत: "बेणं शेंड्याचं घ्या. काळ्या रानात वरंब्याशिवाय लावू नका." परभणी-हिंगोलीकडे घराच्या परसात रताळी लावणारे आम्ही सगळे या दोन वाक्यांसाठी तुमचे मनापासून आभारी आहोत. रताळ्याचं निम्मं पीक त्यातच येतं.

आधी शेंड्याचं. वेलाचा बुडाकडचा जून भाग सोंड्या भुंग्याची अंडी घालायची जागा असतो. तो तुकडा लावला की कीड आपणच वाफ्यात आणून सोडतो. शेंड्याकडचा वीतभर, म्हणजे 20 ते 25 सेंटिमीटरचा तुकडा स्वच्छ असतो आणि जोमानं फुटतो. त्यावर चार-पाच पेरं हवीत. खालची पानं काढून तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि एक-दोन दिवस सावलीत ठेवायचे. गोणपाट उघडलं की पेरापाशी मोहरीएवढे पांढरे कोंब दिसतात. अशी वेलं लावल्यावर क्वचितच मरतात. दोन-तीन पेरं तिरपी मातीत, शेंडा बाहेर, दोन वेलांत वीतभर अंतर, आणि लगेच पाणी.

ज्यांच्याकडे वेल नाही त्यांनी मेच्या सुरुवातीला घरातलंच डागविरहित मध्यम रताळं ओल्या वाळूत आडवं ठेवावं, वर दोन बोटं वाळू. टोपली झाडाखाली हवी. आपल्या उन्हात उघड्यावर ती भाजून निघते. वाळू ओलसर ठेवायची, चिखल झाला की रताळं सडतं. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात, वेलाला जोडलेल्या टोकाकडून जास्त. ते वीतभर झाले की मातीच्या दोन बोटं वर कापायचे. उपटले तर रताळ्याचा रोग सोबत येतो; कापलेल्या जागी मात्र पुन्हा फुटवाही मिळतो.

आता वरंबा. काळी माती पावसात पाणी धरून बसते, मुळं गुदमरतात, रताळी लांबुळकी आणि दोरीसारखी होतात. उघडीप पडली की तीच माती भेगाळते आणि भेगांतून भुंगा थेट रताळ्यापर्यंत उतरतो. म्हणून फूटभर उंच आणि दोन फूट अंतराचे वरंबे करायचे, त्यांत वाळू किंवा बारीक मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळायचं. महिन्याभरानं आणि पुन्हा दोन महिन्यांनी मातीची भर द्यायची, म्हणजे भेगा बुजतात. फवारणीपेक्षा हे काम मोठं आहे.

खताचा हात आखडताच ठेवावा. ताजं शेण किंवा युरिया पडला की पाला माजतो आणि खाली रताळं पोसत नाही. पऱ्हाटीची राख टाकायचा सल्लाही सर्रास ऐकू येतो. पण आपली काळी जमीन मुळातच राखेसारखी विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) असते आणि तिच्यात पालाश, म्हणजे पोटॅशही सहसा कमी नसतं, त्यामुळे राख मूठभर पुरे. पाऊस नसेल तेव्हा आठ-दहा दिवसांनी पाणी. सरीत पसरलेली वेलं अधूनमधून उचलून परत वरंब्यावर टाकावीत, नाहीतर प्रत्येक पेराला मुळं धरतात आणि बारीक बोटांएवढी रताळी जागोजाग लागतात. वेलं उचलायची, तोडायची नाहीत: पाला कमी झाला तर रताळं पोसणार कशावर?

महाशिवरात्रीच्या उपवासाला घरची रताळी हवी असतील तर लावण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आटोपावी. साधारण 120 दिवस लागतात आणि थंडीत वेल मंदावतो. काढणीआधी आठवडाभर पाणी तोडावं. एखादं रताळं उकरून कापावं: चीक पांढरा सुकला तर तयार, हिरवट-काळा पडला तर थांबावं. काढलेली रताळी धुऊ नयेत. सावलीत उबेला, गोणपाटाखाली पाच-सहा दिवस ठेवली की साल घट्ट होते, खरचटं भरतात आणि पुढे गोडीही वाढते. फ्रिजमध्ये कधीच नाही, गाभा टणक होतो. भुंग्यानं पोखरलेलं रताळं कडू लागतं. ते जनावरालाही घालू नये, लांब खड्ड्यात पुरावं.

मावशी, बेणं उन्हाळ्यात टिकवणं हेच आपल्याकडचं अवघड काम. तुम्ही दिलेल्या जुडीतली तीन-चार वेलं हौदाशेजारी सावलीत, कुंड्यांमध्ये जगवून ठेवली आहेत. मृगाच्या पावसाला शेंडे कापण्याजोगे होतील. तुमच्याकडे बेणं कमी पडलं तर हक्कानं निरोप द्या, जुडी शनिवारी बाजारात पोचवू.

आपले कृतज्ञ,
परसबागेतली मंडळी