सूचना : रविवारी पुण्यातील वेताळ टेकडीवर घाणेरी (टणटणी, बाहेरून आलेले झुडूप) काढणे

सभासदहो,
येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता वेताळबाबा मंदिरापाशी जमायचे आहे. ९.३० ला काम थांबेल. वनविभागाची परवानगी फक्त आखून दिलेल्या पट्ट्यापुरती आहे, त्याबाहेर कोयता चालवू नये.

झुडूप जमिनीलगत छाटू नका, पुन्हा फुटवे येतात. बुंध्याभोवतीची माती कुदळीने सारून मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडा आणि झुडूप मुळे वर करून उलटे ठेवा. ओल्या मातीला टेकलेली फांदीही रुजते. पिकलेली फळे असतील तर ती आधी गोणीत. नाहीतर बुलबुल बी सगळीकडे पसरवतील.

तीव्र उतारावर सलग साफ करू नये, पावसात माती वाहून जाते. तिथे एक आड एक झुडूप काढा.

करवंद आणि हेंकळ ही झुडपे काटेरी असली तरी इथलीच आहेत, हात लावू नका. माथ्यावरच्या गवताळ भागात रोपे लावण्याचा आग्रह कृपया नको (दरवर्षी होतो!), चंडोल पक्षी तिथे जमिनीवरच घरटे करतो.

सोबत : जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, दोन लिटर पाणी. कुदळी-कोयते आम्ही आणू. मुलांनी फळे वेचावीत, हत्यारे नाहीत.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर नाव कळवावे.